मनोऱ्यावरून दिसणारं इंग्लंड

आल्मेरेत राहणाऱ्या लहू इंगळ्याकडे गावाहून पाहुणा आला, की दुसऱ्या दिवशी झोप आणि तिसऱ्या दिवशी रॉटरडॅमचा युरोमास्ट, हे पंचांगात छापल्यासारखं ठरलेलं असे. चहात साखर किती, हे लहू पाहुण्याला विचारी. मनोरा पाहायचा का, हे विचारत नसे.

शेतात राखणीला मचाण बांधतात, तसं या सपाट डच देशाची राखण करायला कुणीतरी नदीकाठी हे उंचच उंच मचाण रोवलं असावं. लिफ्टने वर जायचं, वाऱ्यात केस उडवत फोटो काढायचा आणि खाली यायचं. आल्मेरेहून गाडी सुटली, की लहूचं तोंड सुटे. नदी कुठे वळते, हंसाच्या मानेसारखा पूल कुठे आहे, सगळं सांगून झालं, की शेवटी आवाज खाली आणून तो म्हणे, "आणि हवा स्वच्छ असली ना, तर थेट इंग्लंड दिसतं!"

मनोऱ्याच्या दाराशी पोचल्यावर मात्र तो पाहुण्यांच्या आणि बायको प्रमिलाच्या पिशव्या ताब्यात घेई. "तुम्ही व्हा पुढं. प्रमिला आहे सोबत. मी शंभरदा पाहिलंय." मग मांडीवर दशम्यांचा डबा आणि खांद्यावर पाहुण्यांचे कोट घेऊन तो बाकावर बसून राही, एखाद्या संस्थानाच्या दिवाणासारखा.

खरी गोष्ट अशी, की लहू एकदाही वर गेलेला नव्हता. हिंगोलीकडच्या त्याच्या गावात सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. लहानपणी तिच्या शिडीवर तो अर्ध्यातच थिजला आणि अख्ख्या आळीने त्याला उतरवून घेतलं. तेव्हापासून उंचीशी त्याने सोयरीक ठेवली नाही. घरातले दिवेसुद्धा स्टुलावर चढून प्रमिलाच बदलत असे.

मग एवढं ज्ञान आलं कुठून? पाहुणा खाली उतरला, की लहू सहज विचारी, "काय काय दिसलं?" आणि तेच पुढच्या पाहुण्याला सांगे. इंग्लंडचा शोध धम्मपालमामांचा. मोतीबिंदू पिकलेल्या मामांना धुक्यात काहीतरी काळपट दिसलं. खाली येऊन त्यांनी विचारलं, "इंग्लंड का रे ते?" लहूने बाकावर बसल्या बसल्या मान डोलावली. झालं! त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला इंग्लंड दिसलं. ज्याच्या घरचं खाल्लं, त्याच्या तोंडावर 'नाही दिसलं' कसं म्हणायचं? आणि मामांना दिसतं नि आपल्याला दिसत नाही, हे कबूल कोण करणार?

मग कोरोना आला. विमानं थांबली, पाहुणे थांबले. स्लोटरडाइकचं ऑफिस लहूच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं. इथली बौद्ध मराठी कुटुंबं दर रविवारी झूमवर जमू लागली, गावाकडचे नातेवाईकही जोडले जाऊ लागले. वंदना व्हायची, मग काढ्यावर व्याख्यान. काढ्याचे सगळे प्रकार संपल्यावर ब्रेडा गावच्या हर्षाताईंनी ठराव मांडला, "मनोरा पुन्हा उघडलाय. लहूदादांनी वरून थेट दाखवावं. त्यांच्याइतकं माहीत आहे कुणाला?"

हिंगोलीहून मामा गरजले, "इंग्लंड दाखव बरं का! ऑपरेशन झालंय माझं. आता सगळं लख्ख दिसतं."

नाही म्हणावं तर इतक्या वर्षांची अब्रू जाते, हो म्हणावं तर जीव. लहूने अब्रू निवडली. आपल्यात तशीच रीत आहे.

त्या रविवारी गाडीत मास्क सक्तीचा होता, म्हणून लहूच्या थरथरत्या ओठांची झाकली मूठ राहिली. वर पोचताच त्याने भिंतीला पाठ लावली आणि पालीसारखा चिकटला. प्रमिलाने फोन धरला.

"हळूच बघा. पडत नाही कुणी."

त्याने एक डोळा उघडला. नदी होती. पूल होता. क्रेन, जहाजं, आणि मग नुसतं आभाळ.

"प्रमिला, इंग्लंड कुठंय?"

"नाही दिसत. कधीच दिसलं नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला कधी विचारलं तुम्ही? विचारायचात पाहुण्यांना. आणि चारचौघांत आपल्याच माणसाला खोटं कशाला पाडू?"

फोनमधून मामा ओरडत होते, "फिरव, फिरव! इंग्लंडकडं फिरव!"

लहूने मास्क खाली ओढला. आवाज टाकीवरून हाक मारावी तसा निघाला. "मामा, इथून इंग्लंड दिसत नाही. आणि मी आज पहिल्यांदाच वर आलोय."

झूमच्या चौकटींतली सगळी तोंडं पडद्याजवळ सरकली. त्यातली निम्मी या कठड्याशी उभी राहून इंग्लंड पाहून गेलेली होती.

"लहू, आवाज तुटतोय रे," मामा म्हणाले.

"दादा, तुम्ही अडकलात," हर्षाताई म्हणाल्या. "पण चित्र छान येतंय. ते बघा, जहाजाच्या डावीकडे!"

"दिसलं, दिसलं!" चार-पाच जण एकदम म्हणाले. लहूने पुन्हा सांगितलं. पुन्हा सगळ्यांचं नेट गेलं.

"उतरायचं?" प्रमिलाने विचारलं.

"थांब जरा." लहूने भिंतीवरची पाठ बोटभर सोडली. "पूल खरंच हंसासारखा आहे गं."

बावीस साली विमानं सुरळीत झाल्यावर पहिला पाहुणा आला तो मामाच, लख्ख डोळ्यांचा. तिसऱ्या दिवशी तिघं रॉटरडॅमला गेले. दाराशी लहू म्हणाला, "चला मामा, या वेळी मीही येतो वर."

मामांनी एकदा वर पाहिलं. मग लहूच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या आणि बाकावर बसले.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "मी पाहिलंय."