रेडिएटर बाजूलाच हवा

बस विकत घेतली त्या संध्याकाळी बायकोने एकच प्रश्न विचारला, "ही आपल्या गल्लीत वळेल का हो?" मी मोठ्यांदा हसलो. बँकेत चौतीस वर्षं काढलेला, निम्मा जन्म वाहनकर्जं मंजूर करण्यात घालवलेला माणूस मी, आणि मला हे विचारायचं! दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन कोलकात्यात डमडमच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो, मोजलं आणि गुपचूप घरी येऊन पेपर वाचत बसलो. बस वळत नव्हती.

पण असं मधूनच सांगून चालायचं नाही. बायकोची थोरली बहीण मिरजेला असते. या दोघींची आई लवकर गेली, त्यामुळे हिला लहानाचं मोठं ताईंनीच केलं. वेण्या घालण्यापासून ते माझ्यासारख्याच्या गळ्यात बांधण्यापर्यंत सगळं त्यांनीच. आम्ही कोलकात्याला बदलीवर आलो त्याला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत ताई आमच्याकडे एकदाही आल्या नाहीत. दोष सगळा माझा. आधी म्हटलं, बँकेचं क्वार्टर लहान आहे. मग मुलीची दहावी आली, मग बारावी. मग म्हटलं, आता बदली होणारच आहे, नव्या गावी नीट बस्तान बसलं की बोलावू. आम्हा बदलीवाल्यांचं हे असंच असतं, चांगल्या कपबश्या कायम खोक्यात. बदली काही आली नाही. मी निवृत्त झालो, इथेच फ्लॅट घेतला, आणि कपबश्यांचं खोकं नव्या माळ्यावर चढलं.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमाराला ताईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी समोरच शेंगदाणे सोलत होतो.

"डोळ्यांत काचबिंदू निघालाय गं," ताई म्हणाल्या. "औषध घालतेय. पण डॉक्टर म्हणतो, गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती किती टिकेल ते सांगता येत नाही. दिसतंय तोवर तुझं घर एकदा बघू दे. बाकी काही नको."

बायको ओढणीने डोळे पुसत राहिली. अडचण अशी की ताईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. खाली वाकून बसायचं नाही, बैठक उंचच हवी. मिरजेहून पुणे, पुण्याहून हावडा, एवढ्या प्रवासात गाडीतल्या संडासाचं काय करायचं, या एका धसक्याने त्या अडल्या होत्या. आणि विमानाचं नाव काढलं की त्या फोनच ठेवतात.

तेव्हा मी शेंगदाणे बाजूला सारले आणि फोनकडे वाकून म्हणालो, "ताई, तुम्ही काही काळजी करू नका. मी घरच घेऊन येतो तुमच्या दारात. आपल्या पलंगावर झोपा, आपला संडास वापरा आणि थेट कोलकात्यात उतरा. येत्या दिवाळीला!"

काय वाक्य होतं! मलाच इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात सोसायटीत चारजणांना ऐकवलं.

मग चाकांवरच्या घराच्या किमती काढायला लागलो. तयार गाडी बनवणाऱ्याला पहिला फोन केला तेव्हा त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी उठून पाणी प्यायलो. आठवडाभर विचार करून दुसरा फोन केला, तर आकडा दोन लाखांनी वर. डिझेल इंजिनांना प्रदूषणाचे नवे नियम लागलेत, सुटे भाग महागलेत, सर, असं तो गोड आवाजात म्हणाला. मी म्हटलं, थोडं थांबू, उतरतील. बँकेत राहूनही मी असं म्हणालो! पावसाळ्याच्या तोंडाशी तिसरा फोन केला तेव्हा त्या पैशात आमच्या सोसायटीत एक खोली आली असती.

शेवटी एका कारखान्याची जुनी स्टाफ बस मी लिलावात घेतली. लोकांच्या जप्त गाड्यांचे लिलाव करण्यात माझी हयात गेली, तेव्हा म्हटलं, एकदा आपणही त्या बाजूला उभं राहून बघू. बस नऊ वर्षांची, डिझेलची, इंजिन मागच्या बाजूला. गल्लीत वळत नाही हे सिद्ध झाल्यावर तिला बराकपूरच्या एका गॅरेजात नेऊन उभी केली. तिथला मिस्त्री पन्नाशीचा बंगाली गृहस्थ, बोलणं कमी, तेही बंगालीत, हात चालू. मी रोज सकाळी डमडमहून लोकलने तिकडे जायचो. सगळं जग सियालदह स्टेशनाकडे चेंगरत निघालेलं, आणि मी उलट्या दिशेच्या रिकाम्या डब्यात पाय पसरून, डब्यात पोहे, मनात घरगाडी. काय सांगू, नोकरीत कधी इतका सुखी नव्हतो.

मिस्त्रीने शब्द पाळला. दुर्गापूजेच्या आधी पलंग झाला, ओटा झाला, उंच बैठकीचा कमोड बसला, पाण्याची टाकी चढली. ताईंनी फोनवर एकच मागितलं होतं, पलंगाशेजारी खिडकी असू दे, पडल्या पडल्या बाहेरचं दिसेल. मागे डाव्या अंगाला त्यांचा पलंग आणि त्याला लागून मोठी खिडकी, अशी सुरेख जागा साधली. "दादा, हयात झाली हे काम करतोय," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "घेऊन जा. तुमची दिवाळी मिरजेला."

आणि नेमका त्याच आठवड्यात मी शहाणा झालो.

झालं असं की, रात्री जेवण झाल्यावर मी परदेशी लोकांच्या घरगाड्यांचे व्हिडिओ बघत असे. त्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा तळमळून सांगत होता की, इंजिन मागे असेल तर रेडिएटर मागे ठेवू नका, बाजूला ठेवा. मागे ठेवला तर चाकांनी उडवलेली सगळी धूळ तोच खातो, चोंदतो, इंजिन तापतं. शिवाय इंजिनाला हात घालायचा तर आतला पलंग उचलावा लागतो. बाजूला ठेवला की स्वच्छ हवा, आणि मागचं झाकण उघडलं की इंजिन समोर. मी ताडकन उठून बसलो. आमच्या बसचा रेडिएटर मागे होता!

सकाळी बराकपूर. मिस्त्रीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, ही बस नऊ वर्षं अशीच चालली. महिन्यातून एकदा पाइपने पाणी मारायचं. बस्."

"आणि वाटेत तापली तर? आत म्हातारी बाई असणार आहे!"

"तापली तर थांबायचं. चहा प्यायचा."

मला अशा उत्तरांचा राग येतो. आयुष्यात पाना हातात धरला नाही, पण उंटावर बसलो की मला सगळ्यांचं चुकलेलं दिसतं. म्हणालो, "नाही. रेडिएटर बाजूलाच हवा."

बाजूच्या रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत नाही. त्याला तेलाच्या दाबावर चालणारी वेगळी मोटर लागते, लांब नळ्या लागतात, आणि हे सगळं महाग. इथे माझ्यातला अधिकारी जागा झाला. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय आमच्या हातून टाचणीही विकत घेतली जात नाही. एक कोटेशन मिस्त्रीचं, एक हावड्याचं, तिसऱ्यासाठी महिनाभर हिंडलो. तिसरं हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली. ते वाढीव दराने नवं घेतलं, तर दुसऱ्याची संपली. मी तुलनेचा तक्ता केला, चांगला सहा रकान्यांचा, आणि सवयीने खाली लिहिलं, 'आपल्या विचारार्थ व निर्णयार्थ सादर.' घरात वरिष्ठ एकच. कागद बायकोसमोर ठेवला. तिने चष्मा लावला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, आणि माझ्या वाक्याखाली लिहिलं, 'ताईला कधी आणायचं?'

"अगं, शेरा विषयाला धरून हवा," मी म्हणालो. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दिवाळी गेली. ताईंना फोनवर सांगितलं, रेडिएटरचं थोडं काम राहिलंय. "असू दे हो, भाऊजी, नीट करा," त्या म्हणाल्या. त्यांनी फराळ पाठवला होता. चकल्या मी बराकपूरला नेल्या आणि मिस्त्रीबरोबर रेडिएटरवर वाद घालत संपवल्या.

संक्रांतीनंतर एकदाचं काम सुरू झालं. डाव्या बाजूचा पत्रा कापला, तेव्हा लक्षात आलं की रेडिएटरचं खोकं थेट ताईंच्या खिडकीत घुसतंय. म्हणून खिडकी बंद करून उजवीकडे दुसरी पाडली. मग पलंग उजवीकडे. उजवीकडे कमोड होता, तो पुढे. कमोड पुढे तर त्याची नळी पुढे, आणि नळीच्या वाटेत ओटा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं होत होतं आणि मसाल्याचा भावही दर महिन्याला चढत होता. मी दुसरा तक्ता केला, मग तिसरा. बायकोचा शेरा दर वेळी तोच. तिसऱ्या तक्त्यावर तिने लिहिलंसुद्धा नाही, आधीच्या शेऱ्याची झेरॉक्स टाचली. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तीही कार्यालयीन कामकाज शिकली होती.

आषाढात ताईंच्या शेजारणीचा फोन आला, ताई अलीकडे भिंतीला धरून चालतात म्हणून. बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाहेर पडली आणि दुपारी हातात एक मोठी पिशवी घेऊन आली. पिशवीत पांढरी प्लास्टिकची जाड कडी होती. कुठल्याही कमोडवर ठेवली की बैठक वीतभर उंच होते. सियालदहजवळच्या सर्जिकलच्या दुकानात, ऑपरेशन झालेल्या पेशंटांसाठी सर्रास मिळते म्हणे. किंमत सांगत नाही. माझ्या बसच्या नुसत्या रंगकामात तशा दोनशे आल्या असत्या.

"मुलीने तिकिटं काढलीयेत," ती म्हणाली. "जाताना मी एकटी, येताना ताई. सेकंड एसीत पाश्चात्त्य पद्धतीचा संडास असतो. त्यावर हे ठेवायचं आणि नंतर धुऊन पिशवीत."

"पण बस जवळजवळ..."

"बसला रेडिएटर लावा," ती म्हणाली. इतक्या शांतपणे म्हणाली की मी ती कडी मुकाट पुन्हा पिशवीत भरून दिली.

श्रावणात दोघी हावड्याला उतरल्या. प्रवास मजेत झाला होता, दोघींनी वाटभर धपाटे खाल्ले होते. ताई माझ्या आवाजाच्या दिशेने हसल्या. समोरचं थोडं, नळीतून बघावं तसं दिसतं, बाकी धूसर, असं बायको हळूच म्हणाली. घरी आल्यावर ताई एकेका खोलीतून हात फिरवत हिंडल्या. ओट्याची कड, देवघराचं दार, खिडकीचे गज. "मोठं आहे गं घर," म्हणाल्या. "मला वाटलं होतं लहान असेल, भाऊजी नेहमी म्हणायचे." मी स्टूल घेऊन माळ्यावरून कपबश्यांचं खोकं काढलं. त्यांवर निळी बारीक फुलं आहेत. ताईंनी कप डोळ्यांजवळ नेला, तिरका धरला, आणि मग नुसता चहा प्यायला.

तिसऱ्या दिवशी ताईच म्हणाल्या, "तुमची ती गाडी तरी दाखवा." मला नको होतं, पण बायकोने लगेच टॅक्सी बोलावली. बस बराकपूरला चकचकीत उभी होती, काम त्याच आठवड्यात पुरं झालं होतं. मिस्त्रीने फळीचा जिना लावून ताईंना हाताला धरून वर चढवलं. त्यांनी पलंग चाचपला, खिडकीशी टेकून बसल्या, छान आहे म्हणाल्या. मग खाली उतरून बसच्या अंगावरून हात फिरवत मागे गेल्या, तो हात डाव्या बाजूच्या जाळीवर थांबला.

"हे काय हो?"

"रेडिएटर," मी म्हणालो. आणि मला थांबवेना. धूळ, चोंदणं, इंजिनाचं तापणं, पलंग उचलावा लागणं, तेलाच्या दाबाची मोटर, वाढलेल्या किमती, सगळं सांगितलं. ताईंनी अगदी मनापासून ऐकलं. आजवर इतकं लक्षपूर्वक कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे आधी हा मागे होता?"

"हो."

"आणि तसा ठेवला असता तर गाडी चालली असती?"

मी मिस्त्रीकडे बघितलं. त्याला मराठी येत नाही, तो जाळी पुसत होता.

"चालली असती," मी म्हणालो.

"मग गेल्या दिवाळीला आला असतात का हो, भाऊजी? तेव्हा मला चांगलं दिसत होतं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी वाद घातला असता, मला तेवढं येतं. पण तो नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. बायको पलीकडे तोंड करून उभी होती.

"आलो असतो, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जाळीवरचा हात काढला आणि माझा दंड धरला, कारण पुढे गॅरेजच्या दाराला उंबरा होता आणि तो त्यांना दिसत नव्हता.