फ्लॅश माझा होता

गेल्या वर्षी धुळ्यात आमच्या भागातल्या एका मंडळाने जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. सगळी कॉलनी त्यांना भाऊ म्हणते. ते स्वतः घरी आले, चहा घेतला आणि प्रदर्शनात मांडायला माझा कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश मागून नेला. मी चार पेन्सिल सेल घालून तो त्यांच्यासमोर उडवून दाखवला आणि दारापर्यंत जाताना म्हटलं, "काम झालं की सेल तेवढे काढून ठेवा, भाऊ."

"हे काय सांगायला हवं, वहिनी?"

आठ दिवसांचं प्रदर्शन. फ्लॅश परत यायला आठ महिने लागले, तेही मी फोन करकरून. भाऊंनी तो एका कापडी पिशवीतून आणला. सेलचं झाकण उघडेना. चाकूचं टोक घालून उघडलं तर आत पांढरा चिकट थर, पितळी पट्ट्यांवर हिरवा बुरा. सेल फुटून वाहिले होते. एक स्प्रिंग बोट लागताच गळून पडली.

राग आला की माझ्या तोंडी माहेरची अहिराणी येते. "भाऊ, हाई काय शे?"

"जुन्या वस्तूंचं असंच असतं," भाऊ शांतपणे म्हणाले आणि माझ्या हातात प्रदर्शनाची स्मरणिका ठेवली. जणू तिने भरपाई होणार होती. ते गेल्यावर मी ती चाळली. एका पानावर माझ्या फ्लॅशचा फोटो होता. खाली छापलं होतं, अमुक अमुक यांच्या संग्रहातून. नाव माझ्या नवऱ्याचं.

माझा नवरा भला माणूस होता. आता तो नाही. आमच्या स्टुडिओतली डार्करूम तो सांभाळायचा, पासपोर्टचे फोटो काढायचा. पण या फ्लॅशला त्याने कधी हात लावला नाही. तो मी घेतला होता, कारण लग्नात बायकांकडचे फोटो मी काढायचे. मुसलमान घरांतून तर मलाच बोलावणं यायचं. आतल्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला जाता येत नसे. पिंपळनेरपासून चोपड्यापर्यंत एसटीने हिंडले मी, खांद्याला कॅमेरा आणि पिशवीत हा फ्लॅश. आतल्या खोलीत एकच पिवळा बल्ब, त्याखाली पंधरा-वीस बायका दाटीवाटीने बसलेल्या. फ्लॅश नसता तर त्यांचे चेहरेच आले नसते. नवरीच्या हाताची मेंदी ओली असायची, म्हणून तिच्या कपाळावरचे केस मीच सारायचे. एखादी म्हातारी म्हणायची, "डोळे मिटले माझे, परत काढ." मी परत काढायचे.

आणि फोटोखाली नाव छापलं नवऱ्याचं. कोणी मला विचारलंसुद्धा नाही.

धुळ्यातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात फ्लॅश नेला. दुकानदाराने तो उघडलाही नाही. "काकू, भंगारात टाका. मोबाईलला असतोच की फ्लॅश." मी त्याच पावली बाहेर पडले. न पाहता निदान करणारा डॉक्टर कोणी खपवून घेईल का?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जळगावला गेले. तिथे रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे. पूर्वी आमच्या स्टुडिओतले दिवे तेच बघायचे. त्यांनी फ्लॅश खोलला आणि पहिल्यांदा होल्डरमधला एक बल्ब घेऊन त्याच्या दोन वायरी आत टेकवल्या.

"आत करंट साठून राहतो," ते म्हणाले. "सेल मेले तरी हा झटका देऊ शकतो."

बल्ब लागला नाही, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. मग त्यांनी कापसाच्या काडीने पट्ट्यांवर व्हिनेगर लावलं. पांढऱ्या थरातून बारीक बुडबुडे आले. काडीमागून काडी काळी होत गेली.

"सेल कोणी ठेवले यात?"

"ज्यांना प्रदर्शनात मांडायला दिला त्यांनी. मुख्याध्यापक होते."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चार सेल काढायला किती वेळ लागतो, ताई? पाणी प्यायला याहून जास्त लागतो."

इतक्या दिवसांत माझ्या बाजूने बोलणारं पहिलं माणूस भेटलं. मला एकदम बरं वाटलं आणि रागही दुपटीने आला.

एक वायर वरून धड दिसत होती, पण आत तांबं काळं पडलेलं. चाचांनी ती चांगलं तांबं लागेपर्यंत कापली आणि नवा तुकडा जोडला. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी एका बिघडलेल्या रिमोटची स्प्रिंग बसवली. मग नवे सेल घातले. बराच वेळ काहीच होईना. नंतर फ्लॅश चार्ज होतानाचा तो ओळखीचा बारीक सूर आला, चढत गेला, आणि मागचा लाल दिवा लागला. मी बटण दाबलं. दुकान लख्ख उजळलं.

"सावकाश वापरा," चाचा म्हणाले. "पूर्वीसारखा लवकर भरणार नाही."

खरंच नाही भरत. आता दोन फोटोंच्या मध्ये मिनिटभर थांबावं लागतं.

धुळ्याला परतल्यावर मी तडक मंडळाच्या कार्यालयात गेले. भाऊ होते. फ्लॅश चालतोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "पाहा, उगीच चिडलात. पुढच्या वर्षी तुमचा सत्कारच ठेवू, शाल-श्रीफळ देऊन."

"शाल नको. स्मरणिकेतलं नाव चुकलंय, ते दुरुस्त करा."

"आता छापून झालं, वहिनी. आणि नवरा-बायकोत कसलं तुझं-माझं? मोठ्या मनाने घ्या."

सेल ठेवायचे यांनी, नाव चुकवायचं यांनी आणि मन मोठं करायचं मी. मी खुर्ची ओढून बसले. कपाटातली एक प्रत काढायला लावली, पान उघडलं आणि पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. भाऊ थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मी पेनचं टोपण काढलं. शेवटी त्यांनी छापलेल्या नावावर रेघ मारली आणि वर माझं नाव लिहिलं. अक्षर सुरेख आहे त्यांचं, मास्तरांचं असतं तसं.

एवढी एक प्रत दुरुस्त झाली. बाकीच्या गावभर वाटल्या गेल्यात. त्यांचं काय, हे मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, बैठकीत विषय मांडतो. बैठक अजून झालेली नाही. मी दर सोमवारी फोन करते.