एकोणीस मीटर

कापसाचा भाव पडला की गावात आधी कोणाचं दुकान बसते? मोबाईल दुरुस्तीवाल्याचं! खिसा रिकामा असला की फुटका फोनही चालते लोकायले. त्या सालात दारव्ह्याच्या आमच्या दुकानाचं तेच झालं. तवा दीपाच्या बाबानं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, संघदीपनं, एक डबा बनवला. त्यात एक जीपीएस अन् गाडीचा झटका मोजणारी एक चिप. ब्रेक दाबल्यावर गाडी किती मीटरवर थांबली, ते डबा सांगे. बाहेरदेशचा असा डबा इतका महाग, का आमच्यासारख्याच्या स्वप्नातही येत नाही. हा साध्या मोबाईलच्या भावात होत होता.

शाळेच्या गाड्या तपासणाऱ्या एका कंपनीचे साहेब नागपूरहून पाहाले आले. डबा पसंत पडला तर दारव्ह्यातच राहाचं, नाहीतर येत्या बाजाराच्या दिवशी ह्याईनं पुण्याले कारखान्यात लागाले जायाचं, असं ठरलं होतं.

नेर रोडवर मोकळा पट्टा पाहून चुन्याची रेघ मारली. गाडी लखीरामची, सवारी भरणारी जीप. सकाळी तीच लेकरं शाळेत नेते. ठरलेल्या स्पीडनं रेघेवर येताच लखीरामनं करकचून ब्रेक मारला. साहेबांनी टेप लावला. एकोणीस मीटर. डबा म्हणे चौदा! परत केलं. टेप एकोणीस, डबा तेरा. ह्याईच्या तोंडचं पाणी पळालं.

"शेवटची एक फेरी," साहेब म्हणाले.

डबा सुरू केला की मिनिटभर गाडी गपगार उभी पाह्यजे, तवाच त्याचं शून्य बसते, नाहीतर माप चुकते. हे मागच्या सीटवर लॅपटॉपात मुंडी घालून बसले होते. मी रोडच्या काठावरून चाकाकडं पाह्यलं, अन् तळपायाची आग मस्तकात गेली. लखीराम जीप बोटभर पुढं, बोटभर मागं करून राह्यलता! स्टँडवर करते तसंच. गाडी आता निघतेच, असं सवारीले दाखवाले.

"अरे लखीरामभाऊ, कोणती सवारी भरून राह्यला तू इथं?"

"मी कुठं हाललो, वहिनी?"

त्याले खरंच ठाऊक नव्हतं. जित्याची खोड! मी चाकाले पुढून-मागून धोंडे लावले. शून्य बसलं, मंग काढले.

टेप एकोणीस. डबा एकोणीस.

साहेब हसले. "पन्नास डबे द्या."

म्हटलं, पुणं टळलं! अन् हे काय म्हणे? "आत्ता नाही देत, साहेब."

"का?"

"तुमच्या तपासणीत टेप नसन, हिचे धोंडेही नसतीन. इकडचे सगळे डायवर गाडी अशीच हालवतेत. गाडी थांबल्याबिगर डबा सुरूच नाही झाला पाह्यजे. पंधरा दिवस द्या मले."

"सूचना लिहून देऊ ना सोबत!"

"गाडी पंधरा मीटरच्या आत थांबली की पास, अशी तुमची हद्द. डब्यानं चौदा दाखवलं असतं अन् ही जीप पास झाली असती. उद्या सकाळी हिच्यात माही दीपा बसन."

"पंधरा दिवस नाहीत माझ्याकडे," साहेब म्हणाले, अन् गेले.

मी पेटली. "हातचं घालवलं तुम्ही! आता जा पुण्याले!" बोलली खरी, पण मले रडूच फुटलं. राग तर होताच, पण ह्या माणसाचा अभिमानही वाटत होता. लखीराम जीपले टेकून उभा होता. तो खाली वाकून चाकाकडं पाहाले लागला.

बाजाराच्या दिवशी ह्याईले पुण्याच्या एसटीत बसवाले मी स्टँडवर गेली. सवारीची ही गर्दी, पण लखीरामची जीप कुठंच नाही. मी दुसऱ्या डायवरले विचारलं.

"ब्रेक बदलाले टाकली त्यानं," तो हसाले लागला. "ऐन बाजाराच्या दिवशी! येडा झाला तो."

हे खिडकीत बसून ऐकत होते.