अर्ध्या दाराखालून दिसलेले पाय

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे काही अडलं तर विचारायला घरी कोणी नव्हतं. चारचौघं काय करतात ते बघायचं आणि तसंच करायचं, एवढंच मला ठाऊक होतं. अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, हे सगळं मी बघूनच शिकले. बहुतेक वेळा निभावलं.

दुसऱ्या वर्षी मला कांजिण्या आल्या. तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमच्या आमच्या बिऱ्हाडात शेजारणींनी दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले आणि सांगितलं, देवी आली आहे, डॉक्टरकडे जायचं नाही. आम्ही साताऱ्याकडून आलेले. आईने त्या म्हणाल्या तसं केलं. मी बरी झाले, पण डॉक्टरचा दाखला नव्हता आणि हजेरी कमी भरली. विभागप्रमुखांची सही मिळाली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. वडिलांना घेऊन ये, असं सांगण्यात आलं.

आबा सरकारी कार्यालयात शिपाई होते. साहेबासमोर ते चपला बाहेर काढून, हात बांधून, भिंतीला लागून उभे राहायचे. तसे उभे राहिले तर त्यांच्याकडे कोणी बघणारही नाही, असं मला वाटलं. म्हणून दोन दिवस मी विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर थांबून इतरांचे वडील बघितले. त्या खोलीला अर्धं दार होतं, त्यामुळे खालून फक्त पाय दिसायचे. बूट घातलेले पाय आत जायचे, खुर्ची सरकायची, एक पाय दुसऱ्यावर चढायचा. थोड्या वेळाने हसणं ऐकू यायचं आणि माणूस सही घेऊन बाहेर यायचा.

घरी प्लॅस्टिकची खुर्ची मांडून मी ते आबांना शिकवलं. त्यांना फार अवघडल्यासारखं होत होतं.

"रोज साहेबाला बसलेलं बघता की," आई म्हणाली, "एवढं येत नाही व्हय?"

आबाही हसले आणि पुन्हा बसून दाखवलं. चपला काढायच्या नाहीत, हेही मी बजावलं.

तिसऱ्या दिवशी ते आत गेले, त्यांच्या मागे मी. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि पायावर पाय टाकला. रबरी चपलेचा झिजलेला तळ सरळ टेबलाकडे झाला. विभागप्रमुखांनी आधी तो पाहिला, मग आबांना. तमिळमध्ये शांतपणे विचारलं, "तुम्हाला बसायला कोणी सांगितलं?"

आबा ताडकन उठले. पाठ करून आणलेली वाक्यं त्यांच्या तोंडून निघालीच नाहीत. मीच कांजिण्यांचं काहीतरी पुटपुटले. विभागप्रमुखांनी दाखला मागितला. नाही म्हटल्यावर, नियमात बसत नाही, असं म्हणून अर्ज परत सरकवला. इतरांना ते आधी बसा म्हणत असतील. खालून पाहताना ते मला कळलं नव्हतं.

आमच्यानंतर एक गृहस्थ आत गेले. वर दुमडलेली लुंगी त्यांनी मान म्हणून दाराबाहेरच खाली सोडली, चपला काढल्या आणि आत उभेच राहिले. ते सही घेऊन आले. त्यांच्या मुलाची हजेरी किती होती, मला माहीत नाही. कदाचित भरत असेल.

बसस्टॉपवर आबांनी परत आलेला अर्ज घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तसं उभं राहायला मला येत होतं गं, बाळ."

परीक्षेच्या यादीत माझं नाव नव्हतं. ते सगळं सत्र मी माझ्याहून लहान मुलींमध्ये बसून पुन्हा केलं. पुढे कॉलेजात पालकांना बोलावलं, सही हवी असली, की आबा मान वर न करता म्हणायचे, "आईला ने." आईला सही येत नव्हती, हे त्यांना माहीत होतं.