दोघांच्या दोन वारांचं पाणी

“सायेब, हा शनिवारी फावड्याला हात लावून न्हाई राहिला. अन् पाणी तर शनिवारीच येतंय. एकल्यानं काय करू मी?”

शमुवेल माझ्या टेबलासमोर उभा होता. त्याचा धाकटा भाऊ दावीद दारात, पाठ फिरवून. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर निरीक्षक होतो. कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या आमच्या चारीवर वारबंदी होती, म्हणजे प्रत्येक शेताला आठवड्यातला एक ठरलेला वार. यांच्या रानाला शनिवार. एक भाऊ चारीच्या तोंडाशी बसायचा, वरच्या कुणी पाणी फोडू नये म्हणून. दुसरा गव्हात दारं धरायचा, म्हणजे एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचा. बाप गेल्यापासून दोघं मिळून हेच करत आले होते.

घर ख्रिस्ती, रविवारी हिंगोलीच्या चर्चला जाणारं. पण त्या वर्षी दावीद शनिवार पाळणाऱ्या मंडळींत गेला.

“आज्ञेत सातवा दिवस इसाव्याचा लिवलाय, सायेब. शब्बाथ. सातवा म्हंजी शनिवार. त्यो कुणी बदलला?”

“प्रभू रविवारी पहाटं कबरीतून उठला,” शमुवेल म्हणाला. “म्हणून त्याची माणसं त्या दिवशी भाकर मोडायला जमू लागली. आराधना तवापासून रविवारी. सुट्टी लई मागून आली, रोमच्या बादशहानं दिली.”

“मंग देवाचं ऐकायचं का बादशहाचं?”

“तुला लई कळाया लागलं व्हय रे!”

तोपर्यंत माझी समजूत अशी, की रविवार ही सरकारी नोकरांची सोय. पण डोकं लढवायची मला हौस. रानाची वाटणी कागदावर झालेलीच होती. शमुवेलच्या निम्म्याला शनिवार ठेवला. दावीदच्या निम्म्यासाठी शेजाऱ्याशी अदलाबदल करून रविवार मिळवला. दोघांचा देव राखला, दोघांचं पाणीही.

उपअभियंता साहेब खूश. “तुम्हाला धर्मखात्यात घ्यायला पाहिजे!”

घरी हे मी इतक्यांदा सांगितलं, की बायको म्हणाली, “आता जरा बाजारातून भाजी आणता का, महाराज?”

शनिवारी दावीद प्रार्थनेत. रविवारी शमुवेल चर्चमध्ये. दोन्ही दिवशी रानात माणूस एकच. तो गव्हात उतरला की वरचे पाणी फोडत. तोंडाशी बसला की वाफे फुटत. ओंबीत दाणा भरायच्या वेळेला दोघांचाही गहू पाण्यावाचून पिवळा पडला.

मी सायकल काढून धावलो. “बुधवार मिळवून देतो. बुधवारी कुणाचीच प्रार्थना नाही. पुन्हा दोघं मिळून पाणी धरा.”

मधल्या बांधावर बाभळीच्या काट्यांचं नवं कुंपण होतं.

“कोणताबी वार द्या, सायेब,” शमुवेल म्हणाला. “त्याच्या वाफ्यात पाय ठेवणार न्हाई मी. माझ्या लेकराला म्हणला, तुझा बाप बादशहाचा नोकर हाय.”

“खोटं काय बोललो?” कुंपणापलीकडून दावीद.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “नवी तक्रार आली का?”

“नाही.”

“मग निकाली काढा.”

काढली. पुन्हा त्या रानातून कधी तक्रार आली नाही, आणि खात्यात मी वाद मिटवणारा माणूस ठरलो. भांडायला का होईना, ते दोघं भाऊ माझ्या ऑफिसात एकत्र आले होते. आता तेवढंही कारण उरलं नव्हतं.