ड्यूकच्या मिरवणुकीतली लाल मखमल

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कार कारखान्यात इंजिनिअर असलेली हर्षा शिवणाची वेडी होती. जवळच्या ज्या छोट्या गावात ती, नवरा अनुप आणि दहा वर्षांची मुलगी मैत्री राहत, तिथे दर चार वर्षांनी सोळाव्या शतकातल्या एका ड्यूकच्या लग्नाची मिरवणूक निघे. २००६च्या मिरवणुकीसाठी ती हिवाळाभर उत्सवमंडळात पोशाख शिवायला जात होती. बाह्यांना जागोजागी चिरा द्यायच्या आणि आतलं रेशीम फुगवून बाहेर ओढायचं, हे काम तिला फार आवडे. ही तऱ्हा मूळची शिपायांची. राजघराण्यांनी ती उचलली आणि मग ज्याला त्याला तशाच बाह्या हव्याशा झाल्या.

मे महिन्यात भूमिका वाटल्या. मंडळाच्या प्रमुख फ्राऊ हाउसनर यांनी हर्षाला भिकाऱ्यांच्या गटात टाकलं आणि गोणपाटाचा झगा हातात ठेवला. दरबारी बायकांमध्ये अजून जागा होत्या. हर्षानं तसं म्हटलं, तर त्यांनी शांतपणे समजावलं, की लोक दरबाराची नक्कल करू लागल्यावर ड्यूकनं कपड्यांचा कायदाच केला होता: मखमल सरदारांना, शेतकऱ्यांना करडं जाडंभरडं.

"आणि तुमच्यासारखी दिसणारी बाई तेव्हा दरबारात कशी असेल?"

हिवाळाभर तिच्या हातांना मखमल चालत होती. अंगाला चालत नव्हती.

घरी अनुप म्हणाला, "एका दुपारचा खेळ आहे गं. आपल्याला इथं राहायचंय."

"राहायचंय म्हणून गोणपाट घालू?"

त्यानंतर कित्येक दिवस दोघं कामापुरतंच बोलले. हर्षानं स्वतः लाल मखमल विकत आणली आणि झगा शिवला.

मिरवणुकीच्या दिवशी ती सरळ दरबारी बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. फ्राऊ हाउसनर तरातरा आल्या आणि मागे जा म्हणाल्या.

"कायदा करणारा ड्यूक कधीच मेला," हर्षा जर्मनमध्ये म्हणाली. "तुम्ही कोण?"

पुढे फुलं उधळणाऱ्या मुलांत मैत्री होती. तिनं मान वळवून हळूच म्हटलं, "मामा, बिट्टे." आई, प्लीज. ते मात्र हर्षाला लागलं. तरीही ती हलली नाही. ढोल वाजले, रांग चालू लागली. लोक टाळ्या वाजवत होते, पण ती एकदाही हसली नाही.

संध्याकाळी मैत्रीनं जर्मनमध्येच विचारलं, की तुलाच का भांडायचं असतं? तेव्हा हर्षानं तिला पणजीची गोष्ट सांगितली. अस्पृश्य मानलेल्या बायकांचं लुगडं गुडघ्याखाली आलेलं गावाला खपत नसे, चांदीचा दागिना चालत नसे. बाबासाहेबांनी महाडला बायकांना सांगितलं, की ही बंधनं झुगारा, आणि पणजीनं घोट्यापर्यंत लुगडं नेसलं. पाटलाच्या माणसांनी भर रस्त्यात ते फाडलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घोट्यापर्यंतच नेसून पाण्याला गेली.

मैत्री मराठीत म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस?"



मंडळाच्या पुढच्या सभेचं बोलावणं तिला आलं नाही. तरी ती गेली. पुढच्या वेळी भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा, असं तिनं सुचवलं. मतं घेतली, ती हरली. परतताना राग तसाच होता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.