बाबा अजून झोपलेलेच होते

वैशाली गेल्याचा फोन तिच्या वडिलांनीच केला. अण्णांचा फोन म्हणजे कानापासून वीतभर लांब धरायचा. आयुष्य प्रेस शॉपमधल्या, पत्रे दाबणाऱ्या मशिनींच्या धडधडाटात गेल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू येतं. त्या सकाळी मात्र आवाज इतका बारीक, की मला वाटलं त्यांनाच काहीतरी होतंय. कंपनीची बस तळवड्याच्या चौकात अडकलेली, चहूकडून हॉर्न, आणि मी आपली विचारतेय, "अण्णा, बीपीची गोळी घेतली का? वैशूला द्या बरं फोन..." मग म्हणाले, "ती उठंनाच गं, ज्योते. डॉक्टर बघून गेला... ऱ्हायली न्हाई ती." झोपेतच हृदय बंद पडलं होतं. महिना उलटून गेला, पण मला अजून नीटसं काही कळलेलंच नाही. कालसुद्धा भाजी निवडताना तिला काहीतरी सांगायचं म्हणून मोबाइल हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

आम्ही दोघी लहान मुलांची चित्रपुस्तकं करायचो. चित्रं तिची, शब्द माझे. शब्द म्हणजे पानाला दोन ओळी, त्यामुळे कुणी माझी 'लेखिका' अशी ओळख करून दिली की वैशू कोपराने ढोसायची. एरवी मी महाळुंग्याच्या एका कंपनीत पर्चेस बघते, दिवसभर सप्लायरशी घासाघीस करते. आकुर्डीला आम्ही समोरासमोरच्या खोल्यांमध्ये वाढलो. अण्णा मूळचे चाकणजवळच्या गावचे, भावाच्या हाती शेती देऊन कंपनीत लागलेले. त्यांना नाईट शिफ्ट असली की दिवसा ते दाराजवळच्या कॉटवर डोक्यावरून चादर घेऊन झोपायचे. खोली एकच, मग आमचा खेळही तिथेच आणि बिनआवाजाचा. कडी अलगद उचलायची, चपला हातात घ्यायच्या, भातुकलीतली स्टीलची भांडी फडक्यावर ठेवायची. काकूंनी, म्हणजे वैशूच्या आईने, डोळे वटारले की श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. आम्ही भांडायचो तेही कुजबुजत, आणि कुजबुजत भांडून बघा, हसू फुटतंच.

वैशूच्या सगळ्या पुस्तकांत हीच खोली आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून राक्षस बाहेर येतो, पण जिना उतरताना स्वतःच्या होडीएवढ्या चपला हातात घेऊन चवड्यांवर चालतो. कॉटखालच्या ट्रंकेमागे डोंगर आहे, तिथे दोन सैन्यांची लढाई होते ती नुसत्या हातवाऱ्यांनी. कारण प्रत्येक चित्रात कुठेतरी, एका कोपऱ्यात, चादर ओढून झोपलेला एक माणूस असतो. मुलगी सगळं जग फिरून घरी येते, आणि शेवटच्या पानावर माझं ठरलेलं वाक्य येतं, 'आणि बाबा अजून झोपलेलेच होते.'

पहिल्या पुस्तकाच्या वेळी पुण्याच्या संपादकबाईंनी काळजीने विचारलं होतं, "हा माणूस आजारी आहे का हो? मुलं घाबरतील." वैशू हसून हसून पार आडवी झाली. म्हणाली, "अगं, त्यांच्याकडे बाबा दिवसा झोपतच नाहीत वाटतं!" पुढे आकुर्डीच्या एका शाळेत आम्ही ते पुस्तक वाचून दाखवलं. हा कोण, असं विचारायचा अवकाश, अर्धा वर्ग एका सुरात ओरडला, "नाईट शिफ्ट!" आणि लगेच एका चिमुरडीने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. वैशूचे डोळे भरून आले होते. मी चिडवलं, तर म्हणाली खडूची धूळ गेली.

आता तिचं शेवटचं पुस्तक माझ्यासमोर आहे. कपडे वाळत घालायच्या दोरीवर एक ढग येऊन बसतो आणि मुलगी त्याच्याबरोबर जाते, अशी गोष्ट. शेवटच्या चित्रात ती घरी आली आहे, ढग दोरीवरून ठिबकतोय, कुकर आहे, कॉट आहे... आणि कॉट रिकामी आहे. झोपलेला माणूस ती नेहमी सगळ्यात शेवटी रंगवायची, बाकीचं वाळल्यावर. म्हणजे चित्र अर्धवट राहिलं असं म्हणावं, तर चादर मात्र रंगवलेली आहे, कुणीतरी नुकतीच बाजूला सारल्यासारखी, एक टोक जमिनीवर. मला ती याबद्दल काहीच बोलली नव्हती. संपादकबाई म्हणतात, दुसऱ्या चित्रकाराकडून माणूस काढून घेऊ, मुलं त्याला शोधतात. नाहीतर तुम्ही वाक्य बदला. तिच्या चित्रात परका हात घालू देऊ, की आमच्या सगळ्या पुस्तकांचं ते एक वाक्य मोडू? मी रोज एक ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी उलटं. राग येतो तिचा. एक शब्द टाकून जायचं होतंस गं, बये!

शेवटी गेल्या रविवारी चित्र घेऊन अण्णांकडे गेले. दार लोटलेलं होतं. सवयीने कडी वाजू न देता ते अलगद ढकललं, चपला न वाजवता काढल्या. खोली तीच, कॉट तीच. अण्णा कॉटवर बसून होते. चष्मा पुसून त्यांनी चित्र खिडकीशी धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. "कामावर गेलो आसंन," ते म्हणाले. मग त्यांचं बोट चित्रातल्या खुंटीवर थांबलं. "न्हाई. डब्याची पिशवी तर हितंच हाय की. मग मी गेलो कुठं?"

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी चित्र मांडीवर ठेवलं. "येक सांगू का, ज्योते? मी झोपायचो कुठं गं तसा? तापल्याल्या गच्चीखाली, भर दुपारी, कुणाला झोप लागती? चादरीतनं बघायचो तुमचे खेळ. उठलो आस्तो, तर मोडला आस्ता तुमचा डाव."

"वैशूला माहीत होतं?"

"काय म्हाईत..." ते चित्राकडे बघत राहिले. "मला तर वाटायचं, न्हाई."

तिला ठाऊक होतं का, कधीपासून, की ते चित्र नुसतंच राहून गेलं, यातलं मला काहीच सांगता येत नाही. चित्राला कुणी हात लावायचा नाही, एवढं मात्र माझं तिथेच ठरलं. वाक्याचं काही ठरेना.

"वाच की," अण्णा म्हणाले. "काय लिवलंयस त्ये वाच."

मी कागद काढला आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. त्या खोलीत माझा आवाज आपोआप कुजबुजीवर आला होता, हे मला कळलंही नाही. अण्णांनी कानामागे हात धरला.

"मोठ्यानं वाच, पोरी," ते म्हणाले. "मी जागा हाय."